बिनपगारी कारभारी

तालुक्याच्या गावी रात्री विहिरीत बिबट्या पडला, की पहिला फोन वनखात्याच्या कचेरीतच जातो असं नाही. तो बहुधा एखाद्या शाळामास्तरांना जातो, नाहीतर मेडिकल दुकानवाल्याला किंवा विमा एजंटाला. त्यांच्या खिशात फार तर ‘मानद वन्यजीव रक्षक’ असं ओळखपत्र असतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमात या पदाची सोय आहे, पगाराची नाही. खात्याची गाडी येईपर्यंत जमाव मागे हटवायचा, दमलेल्या जनावराला टेकायला विहिरीत बाज सोडायची, पहाटे पंचनाम्यावर सही करायची आणि सकाळी वेळेवर कामाला हजर व्हायचं. ‘बिनपगारी फुल अधिकारी’ असं आपण थट्टेनं म्हणतो. इथे अधिकारही नसतो, नुसता कारभार असतो.

अशा माणसांवर गौरवपर लेख पुष्कळ निघतात. त्यांत माणूस झपाटलेला असतो, बायको समजूतदार असते आणि शेवटच्या परिच्छेदात पुरस्कार असतो. लेख वाईट नसतात, पण त्यांतून एक गोष्ट हटकून निसटते. निसर्गरक्षणात जिंकणं हा मधला टप्पा असतो. अधिसूचना निघाली, न्यायालयाचा आदेश आला, अभयारण्याची पाटी लागली, की फोटो छापून येतो. खाण, रस्ता, बंदर यांचे अर्ज मात्र नव्या नावानं पुन्हा येऊ शकतात आणि येतातच. म्हणून महाराष्ट्र-गोव्यातल्या या स्वयंसेवी नेतृत्वाचा हिशेब मांडताना कोणी किती जिंकलं हे मोजण्यात मला रस नाही. जिंकलेलं पुढे कोणाच्या हाती गेलं आणि त्या हाती ते टिकलं का, हे पाहायचं आहे.

परंपरा जुनी आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ हौशी माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठांतले दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. पुढे मद्याचे व्यापारी हर्बर्ट फिप्सन यांनी आपल्या पेढीच्या जागेत संस्थेला आसरा दिला आणि मानद सचिवपदही सांभाळलं. त्या काळचा मुख्य छंद शिकारीचा आणि नमुने जमवण्याचा होता, संवर्धनाचा नव्हे. पण आपला धंदा सांभाळून संस्था चालवायची, ही रीत तिथे पडली. स्वातंत्र्यानंतर याच संस्थेचे मानद सचिव आणि पेशानं व्यावसायिक असलेले हुमायून अब्दुलअली यांनी १९५१चा मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात मोठा वाटा उचलला. केंद्राचा कायदा यायला त्यानंतर २१ वर्षं लागली. जाणकार नागरिकानं मसुदा द्यायचा, सरकारनं कायदा करायचा आणि अंमलबजावणी खात्यावर सोपवून नागरिकानं पुढच्या कामाला लागायचं, असा एक नमुना त्यातून तयार झाला. आपल्याकडच्या बहुतेक संस्था अजून याच नमुन्यानं विचार करतात.

डहाणूकरांनी तो मोडला. चिकूच्या बागा, वारल्यांचे पाडे आणि मासेमारीची गावं असलेल्या डहाणू तालुक्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस कोळशावरचं ५०० मेगावॉटचं वीजकेंद्र येऊ घातलं. नर्गिस इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि ते हरले. केंद्र झालंच. पण त्या धडपडीतून जून १९९१मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर झाला आणि उद्योगांसाठी ५०० एकरांची कमाल मर्यादा आली. कागद हाती आला. तो पाळला जात नाही हे दिसल्यावर मंडळी पुन्हा न्यायालयात गेली. १९९६च्या निकालानं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण जन्माला आलं. अध्यक्ष झाले निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

आदेश मिळवणं आणि तक्रार घेऊन जायला हक्काचं ठिकाण मिळवणं यांत मोठा फरक आहे. आदेश पाळला नाही तर नवी याचिका, नवा वकील, नवा खर्च. प्राधिकरणापुढे मात्र बागायतदारालाही उभं राहता येत होतं. वीजकेंद्राच्या धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असं प्राधिकरणानं १९९९मध्ये सांगितलं. कंपनीनं वेळ काढला. शेवटी ३०० कोटींच्या बँक हमीचा बडगा दाखवावा लागला आणि २००७मध्ये यंत्रणा सुरू झाली. आठ वर्षं एकाच मुद्द्याला चिकटून राहायचं, म्हणजे काय चिकाटी लागते! पहिल्या विजयानंतर घरी न जाणाऱ्या माणसांचंच ते काम. डहाणूच्याच किनाऱ्यावर प्रस्तावित असलेल्या वाढवण बंदरालाही याच प्राधिकरणानं १९९८मध्ये नकार दिला होता.

आणि तरीही. जानेवारी २०१९मध्ये धर्माधिकारी गेले. जुलै २०२३मध्ये त्याच नावाच्या प्राधिकरणानं त्याच वाढवण बंदराला ना-हरकत दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ला ७६ हजार कोटींच्या घरातल्या त्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. तोवर विरोधाची धुरा मच्छीमार संघटनांकडे आली होती. रस्त्यावर उतरणारे, समुद्रात होड्या नेणारे तेच होते. डहाणूचा लढा अखेर फसला, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुंबईच्या इतक्या जवळच्या तालुक्यात पंचवीस वर्षं बागा आणि खाड्या राखणं हे आपल्याकडचं बहुधा सर्वांत लांबलेलं यश आहे. पण एका व्यक्तीच्या नैतिक दबदब्यावर संस्था किती काळ तगते, याचं मापही डहाणूनंच दिलं.

उलट टोक सोलापूरला सापडतं. नान्नजच्या गवताळ माळावर माळढोक आहे, याकडे पक्षिमित्रांनी लक्ष वेधलं आणि १९७९मध्ये सोलापूर-अहमदनगर पट्ट्यात अभयारण्य जाहीर झालं: ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, उसाचे फड आले. पक्ष्याला लागणारा माळ त्यातला मूठभरच होता. जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात ‘माळढोक’ हा शब्द आडवा येऊ लागला आणि ज्या पक्ष्याला धनगराचं पोर ओळखत होतं, तो गावोगाव शिवीसारखा झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळढोक जवळपास संपला होता. आज तिथे एखादा दिसला तर बातमी होते. नकाशावर रेघ मोठी ओढली की संरक्षण मोठं होतं, हा समज सरकारचा तेवढाच हौशी कार्यकर्त्यांचाही होता, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

त्या शेजारी नाशिकचं बोरगड ठेवून पाहावं. नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिक या स्वयंसेवी गटानं ज्या डोंगराचा पाठपुरावा केला, तो २००८मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झाला. क्षेत्रफळ जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. संवर्धन राखीव हा प्रकार वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीनं आला. त्याच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक आणि स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी असावेत, असं कायदाच सांगतो. म्हणजे बिनपगारी कारभाऱ्याला निवेदन घेऊन दाराबाहेर ताटकळत राहायला नको, आत खुर्ची आहे. या खुर्च्यांचा वापर किती संस्था करतात, हा स्वतंत्र आणि जरा अवघड विषय आहे. निवेदनासोबत फोटो काढता येतो. समितीच्या बैठकीत जाळपट्ट्यांच्या अंदाजपत्रकावर दोन तास बोलावं लागतं.

कोकणातलं वेळास तर आता पर्यटकांच्या यादीत आहे. मंडणगड तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव, नाना फडणवीसांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं, भाऊ काटदरे त्यांचे म्होरके, समुद्री गरुडांची घरटी मोजत किनाऱ्यानं फिरत होती. त्या भटकंतीत कासवांच्या अंड्यांची चोरी त्यांच्या नजरेस आली. २००२पासून वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात झाली. काम ऐकायला सोपं वाटतं. रात्री-पहाटे किनारा पिंजायचा, कासविणीच्या पावलांचा माग काढायचा, वाळूतली अंडी अलगद उचलून कुंपणातल्या खड्ड्यात तशीच, त्याच खोलीवर ठेवायची, आणि पन्नासेक दिवसांनी टोपली उचलून सकाळ-संध्याकाळ पाहायचं, पिल्लं वर आली का. हे चिपळूणहून रोज जाऊन करणं अशक्य. त्यामुळे राखण करायला गावचीच मुलं लागली. अंडी कुठे असतात हे त्यांनाच ठाऊक होतं, कारण ती खाल्ली आणि विकली जात होती. २००६मध्ये कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरांत उतरू लागले आणि मोदक-भाताच्या ताटाचे पैसे गावात राहू लागले.

मला महत्त्वाची वाटते ती यानंतरची गोष्ट. सह्याद्री निसर्ग मित्रनं वेळास आपल्या नावावर ठेवलं नाही. घरट्यांची व्यवस्था हळूहळू वनखातं आणि गाव यांच्याकडे गेली आणि संस्था गिधाडं, पाकोळ्या, खवले मांजर अशा दुसऱ्या कामांकडे वळली. वनखात्याच्या कांदळवन कक्षानं किनारपट्टीवर ‘कासवमित्रां’ची फळी पुढे नेली, जानेवारी २०२२मध्ये वेळासलाच एका कासविणीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला आणि तिचं नाव ‘प्रथमा’ ठेवलं. उणंही सांगायला हवं. महोत्सवाची गर्दी वाढली की किनाऱ्यावर विजेऱ्या, मोबाइल आणि हौशी फोटोवाले वाढतात, आणि पाहुण्याला कासव दाखवणं हे कासव राखण्याच्या पुढे जाऊ पाहतं. पण हा दोष गावाला दिसतो, गावात त्यावर भांडणं होतात. नान्नजला भांडायलाही कोणी आपलं म्हणून उभं नव्हतं.

आता घाटाकडे. १ नोव्हेंबर १९८७ला ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा निघाली: एक तुकडी उत्तरेला नवापुरातून, दुसरी दक्षिणेला कन्याकुमारीहून. फेब्रुवारी १९८८च्या सुरुवातीला त्या गोव्यात फोंड्याजवळ रामनाथीला भेटल्या. या यात्रेला मध्यवर्ती संस्था अशी नव्हतीच. वाटेवरच्या दीडशेवर गटांनी आपापला टप्पा उचलला, जेवण-मुक्काम पाहिला. पदयात्रेनं एकही अधिसूचना मिळवली नाही. तिनं माणसं जोडून दिली, आणि पुढच्या तीस वर्षांत घाटावरच्या जवळपास प्रत्येक लढ्यात त्यांपैकी कोणी ना कोणी भेटतं. मार्च २०१०मध्ये पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ऑगस्ट २०११मध्ये तिचा अहवाल आला आणि माहिती अधिकाराची लढाई झाल्यावरच, २०१२च्या मे महिन्यात, तो लोकांसमोर आला. गाडगीळांचा आग्रह होता की काय राखायचं हे ग्रामसभेनं ठरवावं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या काही गावांनी तसे ठरावही केले होते. त्याच पट्ट्यासाठी आवाज फाउंडेशन आणि वनशक्ती या संस्था उच्च न्यायालयात गेल्या. तिथे २०१३पासून वृक्षतोडीला बंदी आहे, आणि मार्च २०२४मध्ये न्यायालयानं तिथली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याबाबत केंद्राला मुदत घालून दिली. दरम्यान संपूर्ण पश्चिम घाटासाठीची केंद्राची अधिसूचना मसुद्यामागून मसुदे पाहत राहिली. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४चा, ५६ हजार चौरस किलोमीटरवर क्षेत्राचा. प्रत्येक मसुद्यावर साठ दिवसांत हरकती-सूचना. दर वेळी तीच चार-दोन माणसं रात्री जागून गट क्रमांक तपासतात. हे काम कोणी वृत्तपत्रात छापत नाही, आणि तरी मला तेच या चळवळीचं खरं अंगमेहनतीचं काम वाटतं.

गोव्याची कथा आणखी गुंतागुंतीची. सत्तरी तालुक्यातल्या केरीचे राजेंद्र केरकर, लोकसंस्कृतीचे अभ्यासक आणि पत्रकार. देवराया, शिकारीच्या रूढी, झऱ्यांची नावं या वाटेनं ते जंगलाकडे आले. म्हादईच्या खोऱ्यात अभयारण्य व्हावं म्हणून त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी केलेल्या पाठपुराव्याला १९९९मध्ये एक विलक्षण संधी मिळाली. राष्ट्रपती राजवट होती, राज्यपाल होते लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. निवडून आलेलं एकही सरकार ज्यावर सही करायला धजलं नसतं, त्या कागदावर जेकबनी सही केली. म्हादई, २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळी, २११. खाणपट्ट्यातल्या दोन अभयारण्यांचा जन्म असा आमदारांच्या डोक्यावरून झाला. नसता झाला, तर आज तिथे काय असतं हे सांगायला ज्योतिषी नको.

पण डोक्यावरून झालेल्या गोष्टीची किंमत नंतर चुकवावी लागते. सत्तरीतल्या जमिनींचे हक्क पोर्तुगीज काळापासून लटकलेले. अभयारण्यानं त्या गुंत्यात आणखी एक गाठ मारली. जानेवारी २०२०मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेनं मेलेले सापडले. वाघानं गुरं मारली, नुकसानभरपाईवर कोणाचा विश्वास नव्हता, मेलेल्या जनावरात विष गेलं. अटक झाली ती रानालगत गुरं राखून जगणाऱ्या एका कुटुंबातल्या माणसांना. या प्रकरणात निसर्गप्रेमींचा संताप रास्त होता, पण त्या संतापात एक जुना प्रश्न बुडून गेला: अभयारण्य झाल्यापासून वीस वर्षं त्या घरापर्यंत कोण पोचलं होतं? २४ जुलै २०२३ला गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं तीन महिन्यांत म्हादई परिसरात व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर करा, असं राज्याला बजावलं आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. क्लॉड आणि नॉर्मा आल्वारिस यांच्याशी जोडलेल्या, १९८६पासून चालत आलेल्या या संस्थेइतकी न्यायालयीन कामगिरी देशात क्वचितच कोणाची असेल. बेकायदा खाणींवरच्या २०१४ आणि २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमागेही तीच होती. तरीही न्यायालयात जिंकलेला वाघ आणि सत्तरीतल्या गोठ्याला मान्य असलेला वाघ हे अजून दोन वेगळे वाघ आहेत.

गोठ्याकडून सुरुवात केली तर काय होतं, हे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं दाखवलं. तिथे देवाजी तोफा यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं होतात. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवरचा सामूहिक वनहक्क मिळाला, २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बाहेरून आलेले मित्र अभ्यासगटात बसतात, अध्यक्षपदावर नव्हे. हे सगळीकडे जमेल असा माझा दावा नाही. एकसंध वस्ती, जुनी जंगलओढ आणि वीस-पंचवीस वर्षांचा सराव त्यामागे आहे. चंद्रपूरला, कोळसा आणि वाघ एकाच जिल्ह्यात असलेल्या ठिकाणी, बंडू धोतरे यांच्या इको-प्रोनं २००९मध्ये ताडोबाजवळच्या लोहारा खाणीविरुद्ध उपोषणाचं हत्यार वापरलं आणि खाण थांबली. शहरातल्या पोरांची ती संघटना आहे, आणि जिल्ह्याच्या राजकारणाला तिची दखल घ्यावी लागते, हेही नेतृत्वच.

संस्थांच्या आतलं चित्र मात्र फारसं बोललं जात नाही. नोंदणी बहुधा सोसायटी आणि सार्वजनिक न्यास अशी दुहेरी. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा. तो राहून जातो. मग कागदावर मयत सदस्य विश्वस्त असतात आणि प्रत्यक्षात पक्षी मोजणाऱ्या मुलाचं नाव कुठेच नसतं. २०२१मध्ये आयकर-सवलतीच्या ऐंशी-जी आणि बारा-ए नोंदण्यांना पाच वर्षांनी नूतनीकरणाची अट लागली, २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी मदत एका संस्थेनं दुसरीला देणं बंद झालं. तालुक्याच्या संस्थेला मोठ्या संस्थेकडून मिळणारा थोडका ओघही त्यानं आटला. कार्यकारिणीत नोकरदार, डॉक्टर, वकील, प्राध्यापक. धनगर, कातकरी, गावित, वारली माहिती देतात, वाट दाखवतात, क्वचितच चिटणीस होतात. बायका अर्ज लिहितात, न्यायालयात लढतात, वाळू उपशाविरुद्ध उभं राहिलेल्या सुमैरा अब्दुलअलींसारख्या मारही खातात, पण तालुका पातळीच्या संस्थांच्या अध्यक्षांच्या तसबिरी पाहिल्या तर मिशाच जास्त.

आणि संस्थापक. चाळीस वर्षं तोच अध्यक्ष, तोच प्रवक्ता. हेका म्हणून नव्हे, दुसरा कोणी वेळ देत नाही म्हणून. पण तो उठत नाही म्हणूनही दुसरा कोणी बसत नाही.

गोव्यातल्या मोलेच्या आंदोलनानं हा पेच वेगळ्या रीतीनं सोडवून पाहिला. २०२०च्या टाळेबंदीत भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी यांच्या मंजुऱ्या पुढे सरकल्या. विरोधाला अध्यक्ष नव्हता. जीवशास्त्रज्ञ अहवाल वाचत होते, वकील याचिका लिहीत होते, चित्रकार भित्तिपत्रकं काढत होते, आणि नोव्हेंबर २०२०च्या सुरुवातीला चांदोरला हजारो माणसं रात्रभर रुळांपाशी बसली. त्यांत पुष्कळ विद्यार्थी होते. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्याच आदेशात रेल्वेला सविस्तर अभ्यास करून नव्यानं प्रस्ताव मांडायची मुभा ठेवली आहे. तेव्हाचे विद्यार्थी आता नोकऱ्यांना लागलेत, काही गोव्याबाहेर गेलेत. नवा प्रस्ताव आला, तर जुन्या अहवालातल्या चुकांची टाचणं कोणाच्या लॅपटॉपवर आहेत, इथूनच त्यांना सुरुवात करावी लागेल.